अर्धं तिकीट, पूर्ण ताटकळणं

सकाळचे पावणेसात. खापरखेड्याच्या स्टॉपवर आम्ही नऊ-दहा जणी उभ्या. कुणाच्या खांद्याला पर्स, कुणाच्या हातात डब्याची पिशवी, एकीच्या कडेवर पोर. कोळशाच्या ट्रकांची रांग धूळ उडवत चाललेली, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या.

''काहून वो, साडेसहाची गेली का?''

''कोणाले मालूम! मी येऊन अर्धा घंटा झाला. गेली असती त मी इथं उभी असती का?''

यावर थोडं हसू. रोजचंच हसू आहे ते. मग बस दिसते. दिसते म्हणजे आधी दारात लोंबकळणारे पुरुष दिसतात आणि त्यांच्यामागे बस असावी असा आपण अंदाज करतो. बस स्टॉपवर थांबत नाही, स्टॉपच्या पुढे पन्नास पावलं जाऊन थांबते. साडी सावरत, डबा सांभाळत बाया धावतात. पोहोचेपर्यंत तरणी पोरं चढलेली असतात. आमच्यातल्या तिघी-चौघी कशाबशा पायरीवर पाय ठेवतात. उरलेल्या परत येतात आणि पुन्हा त्याच दिशेला माना वळवून उभ्या राहतात.

मैत्रिणींनो, तुम्ही पुण्यात असा, मुंबईत असा, की अमरावतीला, हे चित्र तुम्हाला काही नवीन नाही. मुंबईच्या लोकलवर तर कथा आहेत, कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत. पण मोठ्या शहराच्या कडेला, शहराच्या पोटात नाही आणि खेड्यातही नाही, अशा ठिकाणी राहणाऱ्या बाईच्या प्रवासाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मी या रस्त्यानं सतरा वर्षं नोकरीसाठी ये-जा केली. त्यातली किती वर्षं नुसती स्टॉपवर गेली, याचा हिशेब एकदा मांडायचा होता. भीती वाटली, म्हणून मांडला नाही.

खापरखेडा नागपूरपासून वीसेक किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात. बाहेरच्या माणसाला हे नाव फक्त औष्णिक वीज केंद्रामुळे ठाऊक असतं. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, असे मिळून १३४० मेगावॅट. शेजारी कोराडीचं आणखी मोठं केंद्र. भोवताली सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी अशा कोळशाच्या खाणी. म्हणजे राज्याच्या निम्म्या कोपऱ्यांत पंखा फिरतो तो आमच्या अंगणातल्या राखेवर! नागपूरच्या रस्त्यांवर आता विजेवरच्या बस धावतात, त्या पाहिल्या की मला गंमत वाटते. वीज आमच्याकडची, बस तिकडची. असो.

वीज केंद्रातल्या आणि खाणीतल्या नोकऱ्या बहुतेक पुरुषांच्या. त्यांच्यासाठी पाळीच्या वेळेला गाड्या, मोटारसायकली, काहीतरी सोय होतेच. बायकांचं काम मात्र नागपुरात. बर्डीवरच्या कपड्यांच्या दुकानात उभं राहायचं काम, इतवारीत हिशेबाचं काम, सदर-सिव्हिल लाइन्सला घरकाम, दवाखान्यात नर्स-आयाची ड्युटी, कॉलेज, क्लास. शिवाय सासूला मेयो नाहीतर मेडिकलला दाखवायला न्यायचं, तेही बाईनंच. पुरुषाची रजा मोडायची नसते ना!

आता सरकारनं बाईसाठी काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि आठवड्याभरात ती अमलातही आली. सरकारी कारभारात इतकी तडफ क्वचितच दिसते. मला तो पहिला आठवडा आठवतो. आमच्या इथल्या एक आजी, ज्या वर्षातून एकदा लेकीकडे जायच्या, त्या महिन्यात तीनदा जाऊन आल्या. ''मुलाले पैसे मागाव लागत नाही आता,'' म्हणाल्या. या एका वाक्यासाठी मी त्या योजनेला शंभरपैकी ऐंशी मार्क द्यायला तयार आहे. बाईच्या हातात स्वतःच्या प्रवासाचे पैसे असणं म्हणजे काय, हे ज्यांना कधी मागावे लागले नाहीत त्यांना कळायचं नाही.

पण उरलेले वीस मार्क कापायचे ते इथं. ही सवलत एसटीची. शहरी वाहतुकीला ती लागू नाही, असं तेव्हाच ठरवून दिलेलं. म्हणजे एसटीत बसलात तर अर्धं, आणि त्याच रस्त्यानं, त्याच ठिकाणी जाणाऱ्या शहर बसमध्ये बसलात तर पूर्ण. मग साहजिकच बाई एसटीची वाट बघते. एसटी मुळात येणार लांबून. सावनेरकडून, त्याच्याही पलीकडून. ती भरूनच येते. त्यातून मोठा रस्ता म्हणजे नागपूर-छिंदवाडा महामार्ग, आणि आमचं गाव त्या महामार्गाच्या थोडं आत. लांब पल्ल्याच्या गाडीला आत वळायला सवड नाही. ती सरळ निघून जाते. महामार्गावरच्या फाट्यापर्यंत जायचं तर ऑटोचे पैसे द्यायचे. अर्ध्या तिकिटात वाचवलेले पैसे ऑटोवाल्याच्या खिशात! आणि सकाळी सहाला त्या फाट्यावर एकटीनं उभं राहायचं ते वेगळंच.

खरी मेख इथे आहे. नागपूरची शहर बस महानगरपालिकेची. तिची मतदार, तिची करदाती बाई हद्दीच्या आत राहते. आम्ही हद्दीबाहेरच्या. आमच्यासाठी बस सुटते ती उपकार म्हणून, आणि गाड्या कमी पडल्या की पहिली फेरी कापली जाते तीही आमचीच. एसटी महामंडळ म्हणतं, हा तर शहराचा पट्टा, इथं शहर बस आहेच की! दोघांच्या मध्ये आम्ही. दोन सुनांच्या घरात म्हातारी उपाशी राहते, तशातली गत.

२०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं. शहराभोवतालची ७१९ गावं त्यात घेतली. नकाशावर आता आमचा सगळा परिसर 'महानगर' म्हणून रंगवता येतो. घराचा नकाशा मंजूर करायचा असेल, ले-आउट टाकायचा असेल, विकास शुल्क भरायचं असेल, तर आपण महानगरातले. बसची वेळ आली की खेड्यातले. जमीन मोजणारं प्राधिकरण झालं, पण त्या सगळ्या गावांना धरून बसचं एक वेळापत्रक करणारा माणूस अजून कुणी नेमलेला दिसत नाही.

मेट्रोचं तर विचारूच नका. नागपूर मेट्रो प्रवाशांसाठी सुरू झाली ती ८ मार्च २०१९ला. महिला दिन! डिसेंबर २०२२मध्ये पहिला टप्पा पूर्णही झाला. गाड्या चकाचक आहेत, बायकांना तिथं सुरक्षित वाटतं हेही खरं. मी स्वतः दोन-तीनदा मुद्दाम बसून आले. पण तिच्या दोन्ही मार्गांपैकी एकही कोराडी रस्त्याला शिवत नाही. दुसरा टप्पाही मंजूर झालाय, सुमारे ४३.८ किलोमीटरचा. तो कन्हान नदीपर्यंत जाणार, बुटीबोरीला जाणार, हिंगण्याला जाणार, ट्रान्सपोर्ट नगरला जाणार. वर्तमानपत्रात नकाशा आला होता तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनींनी चष्मा लावून बोट फिरवत खापरखेडा शोधलं. कोराडीही नव्हतं. ''आपल्याइकडं काहून नाही?'' असं त्यांनी मला विचारलं, जणू नकाशा मीच काढला होता.

आणि गाडी? आगगाडी? थांबा, ती गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती आमच्या जिव्हाळ्याची आहे.

नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ खापरखेड्यावरून धावली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातली. तिचा वेग काय सांगावा! एखादी म्हातारी रुळाच्या कडेनं चालत असली तर गाडीतली दुसरी म्हातारी तिची खुशाली विचारून घेई. पण ती यायची. उशिरा का होईना, यायची. भाजीच्या टोपल्या, दुधाच्या कॅन, बोरांच्या, सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया तिच्यात बसायच्या. इतवारीला उतरलं की बाजार दोन पावलांवर. बसमध्ये टोपली चढवू देत नाहीत, गाडीत ती डोक्यावरून उतरवून थेट पायाशी ठेवता यायची. डब्यात खाली बसता यायचं. पोराला पाजता यायचं. तिकीट इतकं कमी की कुणी विचारही करत नसे.

२०१५च्या अखेरीस ती बंद झाली. रुंद रूळ टाकायचे होते. टाकायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्ण मार्ग परत सुरू व्हायला २०२१ उजाडलं. पाच वर्षांहून जास्त. एवढ्या काळात एक पोरगी आठवीतून बारावी पास होऊन जाते. टोपलीवाल्या बायांनी तोवर वाट थोडीच पाहिली असती? कुणी गावातच दारोदार विकायला लागली, कुणी व्यापाऱ्याला जागेवरच माल देऊन टाकायला लागली, येईल त्या भावात. आता मोठी गाडी आली आहे, स्टेशन नवं आहे, फलाट उंच आहे. फेऱ्या मात्र मोजक्या, आणि त्यांच्या वेळा दुकान उघडायच्या नि दवाखान्याची पाळी सुटायच्या वेळेशी जुळवून कुणी ठरवलेल्या नाहीत. त्या टोपल्या काही परत आल्या नाहीत.

आता थोडं शहर बसच्या इतिहासाकडे. नागपूरची शहर बस २००७पर्यंत एसटीच चालवायची. लाल डब्बा, खिडक्यांचा खडखडाट, पण कंडक्टर ओळखीचा. मग महापालिकेनं ती स्वतःकडे घेतली आणि चालवायला कंत्राटदार दिला. पुढे 'स्टारबस' आल्या. मग २०१६-१७मध्ये कंत्राटदार बदलले, नाव 'आपली बस' झालं. इथेनॉलवरच्या हिरव्या बसचा मोठा गाजावाजा झाला. परदेशी बनावटीच्या, थंडगार. २०१८मध्ये त्या बंदही पडल्या. मग विजेवरच्या आल्या. खास महिलांसाठी 'तेजस्विनी' आल्या. दर दोन-चार वर्षांनी रंग बदलतो, नाव बदलतं, उद्घाटनाचा फोटो छापून येतो. आमच्या स्टॉपवर उभ्या राहणाऱ्या बाईच्या घड्याळात मात्र काही फरक पडत नाही.

कारण मूळ दुखणं गाडीच्या रंगाचं नाही, संख्येचं आहे. केंद्राच्या शहर विकास खात्यानं ठरवलेलं माप असं की एक लाख लोकसंख्येमागे साठ बस असाव्यात. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या चोवीस लाखांच्या वर होती. आमच्यासारखी भोवतालची गावं धरलीच नाहीत, तरी गणित चौदाशे गाड्यांच्या पुढे जातं. प्रत्यक्षात महापालिकेचा ताफा वर्षानुवर्षं पाचशेच्या मागेपुढे घुटमळतोय. त्यातल्याही काही डेपोत, काही दुरुस्तीला. एखाद्या घरात बारा माणसं नि चार भाकरी असल्या तर शेवटी कोण उपाशी राहतं, ते या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

एसटीचं दुखणंही तेच. कोरोनाआधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या कमी होत गेल्या. आधी टाळेबंदी, मग २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत चाललेला संप. तो साडेपाच महिन्यांचा काळ आम्ही सहा आसनी ऑटोत दहा-दहा जणी बसून काढला. कर्मचाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या पगारावर ती माणसं राबत होती, तो पाहिला की बोलायची सोय राहत नाही. पण संप मिटला आणि गाड्या काही पूर्वीइतक्या परत आल्या नाहीत. भाड्यानं ५१५० विजेवरच्या बस घ्यायचा करार झाला, त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, आणि मे २०२५मध्ये परिवहन मंत्र्यांनी तो करारच रद्द करण्याचे आदेश दिले. त्याआधी २५ जानेवारी २०२५ला भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलेलं होतंच.

याच दरम्यान एक गोष्ट घडली, ती आपण बायकांनी नीट लक्षात ठेवायला हवी. फेब्रुवारी २०२५मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक बोलून गेले की महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतीमुळे महामंडळाला रोज तीन कोटींचा तोटा होतो. मग गदारोळ झाला, सवलत बंद होणार नाही असा खुलासाही झाला. पण बोललेला शब्द उरतोच. दुसऱ्याच दिवशी आमच्या स्टॉपवर एक गृहस्थ म्हणाले, ''तुमच्या अर्ध्या तिकिटानं एसटी बुडाली!'' मी काही बोलले नाही. खरं तर बोलायला हवं होतं. सवलतीचे पैसे राज्य सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत तर तो सरकार आणि महामंडळ यांच्यातला हिशेब आहे. २०२५मध्ये महामंडळाची श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचं दिसतं. अर्धं तिकीट सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. दहा हजार कोटींचा खड्डा सव्वादोन वर्षांत आम्ही बायांनी डबा हातात घेऊन खणला का? पण असं उत्तर घरी आल्यावरच सुचतं.

बायकांना सवलत देणारे आपण एकटे नाही. दिल्लीत ऑक्टोबर २०१९पासून, तमिळनाडूत मे २०२१पासून साध्या शहर बसमध्ये, कर्नाटकात जून २०२३पासून, तेलंगणात डिसेंबर २०२३पासून बायकांना बस चक्क मोफत आहे. यातली तमिळनाडूची गोष्ट मला विशेष वाटते, कारण त्यांनी सुरुवातच केली ती रोजच्या शहर बसपासून, लांबच्या प्रवासापासून नाही. आपल्याकडे नेमकं उलटं. माहेरी जायला सवलत, कामावर जायला नाही! सवलत ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बाई उभी राहिली ती बांगड्या भरून भाऊबीजेला निघालेली. रोज सकाळी सातला डबा घेऊन निघालेली बाई कुणाला दिसलीच नाही. कदाचित तिला बस मिळाली नव्हती म्हणून!

वेळापत्रकातही हाच आंधळेपणा. सकाळी दहाच्या ऑफिसची गर्दी आणि संध्याकाळी सहाची गर्दी, एवढंच त्यांना माहीत. दुपारी अकरा ते चार गाड्यांमध्ये मोठी खिंडारं पडतात. त्या वेळी प्रवास कोण करतं? दवाखान्यातून परत येणारी, शाळेतून पोराला आणणारी, बँकेत सही करायला गेलेली विधवा, कॉटन मार्केटातून स्वस्त भाजी घेऊन येणारी. पुरुषाचा प्रवास सहसा सरळ असतो, घर ते काम आणि काम ते घर. बाईचा प्रवास म्हणजे वाटेत चार गाठी मारलेला दोरा. एक गाडी चुकली की चारही गाठी सुटतात.

आणि गर्दीत काय होतं, ते मी लिहू की नको, असा विचार करत होते. लिहितेच. माझ्या पर्समध्ये सतरा वर्षं एक मोठी सेफ्टी पिन असायची. ती पदराला लावायची नव्हती. माझ्या लेकीच्या बॅगेतही मीच ठेवली. ती पहिल्यांदा ठेवताना काही बोलले नाही, तिनंही काही विचारलं नाही. तिला कळलं होतं. बायकांसाठी राखीव सीटवर बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी आवाज काढावा लागतो, आणि आवाज काढला की अख्खी बस त्याच्याकडे नाही, आपल्याकडे बघते. गर्दी कमी असेल तर निम्मे हात आपोआप आवरतात. म्हणून मला वाटतं, सुरक्षेसाठी कॅमेरे लावा, बटणं लावा, जरूर लावा, पण त्याआधी दोन फेऱ्या वाढवा.

स्वच्छतागृहाचं तर नावच नाही. मोरभवनला जे आहे ते आहे. वाटेत कुठं सोयच नाही. पहाटे घर सोडलेली बाई पाणी न पिता निघते. डॉक्टरीणबाई विचारतात, ''इतकं कमी पाणी का पिता?'' काय सांगायचं त्यांना? बस नाही म्हणून?

''मग स्कुटी का घेत नाही?'' हा प्रश्न मला बर्डीतल्या एका मैत्रिणीनं विचारला होता. सोपं वाटतं. हिशेब करू. जायचे-यायचे चाळीस किलोमीटर. पेट्रोल शंभरच्या वर. गाडीनं लिटरला पंचेचाळीस दिलं तरी दिवसाचे नव्वद रुपये जातात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर अडीच हजारांच्या घरात. कपड्याच्या दुकानात नऊ हजारांवर उभ्या असलेल्या पोरीनं त्यातले अडीच पेट्रोलला द्यायचे, वर गाडीचा हप्ता! आणि रस्ता कुठला? कोळशाचे ट्रक, राखेचे बल्कर. पावसाळ्यात राखेचा चिखल. आमच्या इथल्या बायकांनी जिद्दीनं गाड्या घेतल्याही. स्कार्फ गुंडाळून, ट्रकांच्या मधून जातात त्या. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते, आणि संध्याकाळी त्यांच्या घरासमोर गाडी लागल्याचा आवाज येईपर्यंत त्यांच्या आया दारात का उभ्या असतात, तेही मला समजतं.

पण ज्यांना स्कुटी परवडत नाही, त्यांचं काय होतं? गिरिजा बोरकर नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलींचा अभ्यास केलाय. त्यांना असं आढळलं की रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली मार्क असूनही खालच्या दर्जाचं कॉलेज निवडतात. मुलगे तसं करत नाहीत, निदान तितकं तरी नाही. हे वाचलं तेव्हा मला दिल्ली आठवली नाही. आमची गल्ली आठवली. पोटा-चनकापूर आठवलं, दहेगाव आठवलं. किती मुलींनी बारावीनंतर 'जवळचं बरं' म्हणून जे मिळालं ते घेतलं! कुणी अडवलं नाही त्यांना. आईबापांनी 'शिकू नको' म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, ''सातची बस चुकली त तू घरी येशील कशी?'' याला उत्तर नसतं. आणि पुढे सगळे म्हणतात, मुलीनं स्वतःच ठरवलं.

गाड्याच नाहीत तर त्या आणायच्या कुठून, असं कुणी विचारेल. मान्य. चौदाशे गाड्या एका रात्रीत येणार नाहीत. पण नवरात्रात काय होतं ते बघा. कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला अख्खं नागपूर लोटतं. त्या नऊ दिवसांत या रस्त्यावर जादा बस सुटतात. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत. कुठून येतात त्या? येतात. कुणीतरी बसून ठरवतं, गाड्या वळवतं, माणसं लावतं. आम्ही त्या नऊ दिवसांत कोराडीपर्यंत कशा आरामात जातो म्हणून सांगू! देवीची कृपाच ती. एक वर्षी तर मला खिडकीची जागा मिळाली होती.

गावातल्या बायांनी मागे एक निवेदन तयार केलं होतं. मीच लिहून दिलं होतं. फार काही मागितलं नव्हतं. सकाळी सहा ते आठ या वेळात ठरलेल्या मिनिटाला सुटणाऱ्या चार गाड्या. त्यांचं वेळापत्रक स्टॉपवर पाटीवर लिहिलेलं. शहर बस आणि एसटी या दोघांनी एकत्र बसून ठरवलेलं, म्हणजे दोन्ही गाड्या एकाच वेळी येऊन पुढचा तासभर काहीच नाही, असं होणार नाही. शहर बसलाही बायकांना अर्धं तिकीट. रात्री दहाला बर्डीहून सुटणारी एक शेवटची गाडी, जी प्रवासी कमी आहेत म्हणून रद्द होणार नाही. स्टॉपवर एक दिवा. एवढंच.

यातल्या शेवटच्या गाडीवरून आमच्यातच वाद झाला होता. एक काकू म्हणाल्या, ''दहाच्या गाडीत चार बाया बसतीन. कोण सोडल तुमच्यासाठी बस?'' बरोबर होतं त्यांचं. पण मी त्यांना म्हटलं, रात्रीची गाडी त्या चार जणींसाठी नसतेच. ती आहे म्हणून आठच्या, नऊच्या गाडीनं येणाऱ्या चाळीस जणी निर्धास्त असतात. दुकानाच्या मालकानं अर्धा तास थांबवलं, क्लास लांबला, पेशंटला सोडता आलं नाही, तरी मागे एक गाडी आहे, एवढ्या भरवशावर बाई नोकरी धरते. काकूंना ते पटलं. त्यांनी सहीही केली. निवेदन जिथं द्यायचं तिथं दिलं, पोचही मिळाली. ती माझ्या कपाटात आहे.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे, तर आमच्या मागच्या ओळीतल्या एका मुलीमुळे. बारावीला चांगले मार्क आहेत. नागपुरात नर्सिंगला नंबर लागेल असे. तिची आई घरकामाला जाते, ती याच बसची. बाप खाणीत ठेकेदाराकडे. दोघांनाही पोरीनं शिकावं असं मनापासून वाटतं. पण नर्सिंगला पुढे ड्युट्या लागतात, कधी सकाळची, कधी दुपारची, आणि दुपारची ड्युटी रात्री सुटते. होस्टेलचा खर्च झेपत नाही. परवा संध्याकाळी मुलगी माझ्याकडे आली. हातात दोन फॉर्म. एक नर्सिंगचा, एक जवळच्या कॉलेजातला बीएचा.

''काकू, दुपारची ड्युटी किती वाजता सुटते वो?''

''दवाखान्यावर असतं बाळा. आठ, साडेआठ.''

''आन् मंग बस?''

मी तिला म्हटलं, उद्या आपण दोघी जाऊ. रात्री बर्डीवर उभं राहून बघू, आठनंतर किती गाड्या येतात, कितीला येतात, जागा मिळते का. वहीत लिहून काढू. काल गेलो. साडेआठपासून उभ्या होतो. तिनं वहीत दोन रकाने पाडले होते, एकात वेळ लिहायची, दुसऱ्यात 'चढता आलं / नाही आलं'. पावणेदहापर्यंत पहिल्या रकान्यात दोन वेळा लिहून झाल्या. दुसऱ्या गाडीत आम्ही चढलो, उभ्यानं. मानकापूरच्या पुढे मला बसायला मिळालं, ती दांड्याला धरून उभीच होती. वही तिच्याकडेच आहे. फॉर्म भरायची शेवटची तारीख शुक्रवारची आहे.